तिसऱ्या अंकातला युवराज

रविवार होता. दूध तापत ठेवलं होतं, पोहे भिजवले होते आणि आमचे हे बाल्कनीत पाय पसरून पेपर वाचत होते. मधूनच ऊसदराची एखादी बातमी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थांबायचं, हा त्यांचा रविवारचा रिवाज. मी कांदा चिरत 'हूं' म्हणत होते.

तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार वाजलं, म्हणून मी सुरी खाली ठेवली. आमच्या बिल्डिंगमध्ये चार वर्षांची पोरंसुद्धा टाचा उंचावून बेल दाबतात. हे तर लाकडावर हातानं वाजवलेलं. सावकाश तीन वेळा. मग पुन्हा तीन वेळा.

दारात शांताक्का. समोरच्याच फ्लॅटमधल्या. अंगावर काळी इरकल, तांबड्या काठाची. ही साडी त्या फक्त नाटकाच्या दिवशी नेसतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून नाटकाच्या जाड वहीचं टोक बाहेर आलेलं.

"अजून आवरलं न्हाय तुझं?" त्या म्हणाल्या. "रिक्षा खाली उभी हाय. पयली घंटा व्हईल आता."

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेसात वाजले होते. नाटक दुपारी चारला.

"अक्का, नाटक चारला हाय की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वेळ चुकलेलं माणूस जीभ चावतं, कपाळावर हात मारतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. अनोळखी गावात एसटीतून उतरल्यावर माणूस पाटी शोधत फिरतं, तशी त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून फिरली. मग एकदम हसल्या.

"थट्टा केली गं. जागी हायस का बघितलं."

"चहा टाकते, बसा."

"पूजा व्हायचीय अजून. पूजेशिवाय पाणी तरी घेतो का मी?"

घेत नाहीत, हे खरं. गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. पण त्यांच्या कपाळावरच्या विभूतीचे तीन पट्टे मी जवळून पाहत होते. खालचा थर वाळून भेगाळलेला, वरचा अजून ओला. आणि समोरच्या दारातून उदबत्तीचा वास पहाटे सहाला आला होता, पुन्हा सातलाही आला होता. म्हणजे आता ही तिसरी.

जाता जाता त्या थांबल्या. "आज पुढच्या रांगेत डाव्या हाताच्या पयल्या खुर्चीवर बस. तिथनं विंगेतली मी दिसतो."

"तुम्हाला बघायला तिकीट काढायचं का अक्का? नाटक बघू की तुम्हाला बघू?"

"नाटक चारदा बघितलंयस तू. माझ्याकडं बघत बस."

"का?"

"बस म्हटलं की बसावं."

त्या गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन खाली वाकून पाहिलं. रस्त्यावर दूधवाल्याची सायकल होती आणि एक झोपलेलं कुत्रं. रिक्षा नव्हती.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाय," मी म्हणाले, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

शांताक्का मूळच्या नेसरीच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी, असं दोन जिभांवर वाढलेलं पोर. सातवीनंतर शाळा सुटली, आणि एकोणिसाव्या वर्षी कोल्हापुरात चनबसाप्पांच्या घरी आल्या. चनबसाप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, पण जीव नाटकात. राजारामपुरीतल्या हौशी नाट्यमंडळात त्यांना पहिल्यांदा मोठं काम मिळालं ते ह्याच जुन्या नाटकात, युवराजाचं. रूप होतं, आवाज होता, फक्त पाठांतर नव्हतं. तीन वाक्यं झाली की चौथं गायब. मग अक्का भाकरी थापता थापता वही मांडीवर घेऊन त्यांना पहिला अंक घोकून घ्यायच्या. रोज. परातीत पीठ, वहीच्या पानांवर पीठ. "मालकांस्नी काय पाठ झालं न्हाय बघ," त्या मला सांगायच्या, "माझा मात्र पयला अंक हाडात उतरला."

एकदा प्रयोगाच्या दिवशीच प्रॉम्प्टरला ताप भरला. नटाला पुढचं वाक्य विंगेतून हळूच सांगणारं माणूसच नाही म्हटल्यावर सगळे चनबसाप्पांकडे बघायला लागले, आणि चनबसाप्पा बायकोकडे. त्या दिवशी अक्का विंगेत बसल्या. त्याला अडतीस वर्षं झाली.

त्या अडतीस वर्षांत मंडळाला एक खोड लागली. कुणी पाठांतरच करेना. दुसरीकडे नट वाक्यं पाठ करतात, मग तालमी करतात. आमच्याकडे नट अक्कांचं ऐकतात आणि बोलतात. मंडळाचा सध्याचा दिग्दर्शक पृथ्वीराज, एरवी शिकवणीचे वर्ग चालवतो आणि पोरांना पाठांतरावरून फोडून काढतो. तोच तालमीत छाती काढून सांगतो, "शब्द अक्कांकडं, हातवारे आपल्याकडं. अक्का हाय तवर भ्यायचं न्हाय." अक्कांचा आवाज असा की नटाच्या कानात स्पष्ट आणि तिसऱ्या रांगेत नाही.

नऊ वर्षांपूर्वी चनबसाप्पा सकाळी दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडले आणि दुकानाच्या पायरीवरच गेले. तेव्हापासून मुलगा अमरेश आईला बेंगळूरला बोलावतो. सून शिवांजलीही गुणाची आहे, तीही बोलावते. अक्कांचं उत्तर ठरलेलं. मी ते कितीतरी वेळा ह्या कानांनी ऐकलंय, कारण त्या फोन स्पीकरवर टाकून बोलतात. "जवर मंडळाला माझा आवाज लागतो तवर मी कोल्हापुरात. ज्या दिवशी विंगेतनं उठलो, त्या दिवशी तुझ्या दारात. पण तू उठवायचं न्हाय मला." अमरेश म्हणतो, "बरं अव्वा, शब्द दिला."

फोन ठेवल्यावर एकदा मला म्हणाल्या होत्या, "तिथं सगळी चांगली हायत गं. पण तिथं मी नुसती आजी. हितं माझ्या तोंडाकडं बघून राजे बोलत्यात."

हे सगळं माहीत असल्यामुळेच मी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या गोष्टी कुणाला बोलले नव्हते. दिवाळीनंतर एका तालमीला मी डबा घेऊन गेले होते. अक्का खुर्चीवर, मांडीवर वही. दोन प्रवेश झाले, मधे चहा झाला. वहीचं पान तेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाठ हाय की." पाठ होतंच. एक शब्द चुकला नव्हता. मीच स्वतःला रागावले, म्हातारं माणूस एवढं चोख काम करतंय आणि आपण त्यात किडे शोधतोय.

पण त्या दिवसापासून मी पानांकडे बघायला लागले. पान कधी उलटलं गेलं नाही.

मोठं नाट्यगृह जळाल्यापासून गावातली नाटकं मिळेल त्या सभागृहात होतात. आमचा प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. पत्र्याचं छत, लोखंडी खुर्च्या, विंगा म्हणून निळे पडदे बांबूला बांधलेले. साडेतीनला रंगमंचावर पूजा झाली. पृथ्वीराजनं नारळ फोडला आणि आतून काळपट पाणी आलं. वास सुटला.

पाया पडायला वाकलेले मागं सरकले.

"कुजका निघाला म्हणजे देवाला पोचला!" पृथ्वीराज मोठ्यानं म्हणाला. "चला, चला, तोंडाला रंग लावा."

"दुसरा आणा," अक्का म्हणाल्या.

"अक्का, आता कुठं दुकान हुडकू?"

"दुसरा आण म्हटलं न्हवं मी?"

अक्कांचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. पृथ्वीराज हसला, पण गेला. दुसरा नारळ चांगला निघाला. खोबरं वाटलं गेलं. अक्कांनी त्यांचा तुकडा खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला.

मी सांगितलेल्या खुर्चीवर बसले. हे शेजारी, मांडीवर शेंगांची पुडी. निळ्या पडद्याच्या फटीतून अक्का अर्ध्या दिसत होत्या, गुडघ्यावरची वही, वर एक लहान दिवा, आणि चेहऱ्याची एक बाजू.

नाटक जुन्या पद्धतीचं. महाराणी, तिचा एकुलता एक मुलगा युवराज, आणि कारस्थानी प्रधान. पहिल्या अंकात अंधारलेल्या महालात महाराणी एकटी येते, समईची वात सारखी करते आणि विचारते, "कोण आहे तिकडे?" युवराज आत येतो, उद्या लढाईला निघायचंय म्हणतो. आईचं मन नसतं, तरी ती त्याला ओवाळून निरोप देते. दुसऱ्या अंकात तो मारला जातो. तिसऱ्या अंकात पुन्हा तोच महाल, तीच समई, महाराणी पुन्हा विचारते, "कोण आहे तिकडे?" या वेळी प्रधान येतो, हातात युवराजाची तलवार घेऊन. लिहिणाऱ्यानं मुद्दामच दोन्ही प्रवेश एका वाक्यानं सुरू केलेत.

पहिला अंक अप्रतिम झाला. महाराणीचं काम संयोगिता करते, बँकेत नोकरीला आहे, बारा वर्षं ह्या भूमिकेत आहे आणि बारा वर्षांत तिनं वही घरी नेलेली नाही. युवराज म्हणजे ऋतुराज, नवीन, पण देखणा. प्रधान स्वतः पृथ्वीराज. दुसरा अंकही नीट गेला. मी शेंगासुद्धा खाल्ल्या. आपणच उगीच घाबरलो असं मनाशी म्हणाले.

मध्यंतरात मी विंगेत गेले. वड्यांचा वास, घामाचा वास. ऋतुराज मुकुट काढून, तोंडावरचा रंग अर्धा पुसून, टीशर्टात वडा खात उभा होता.

अक्का त्याला म्हणाल्या, "युवराज, मुकुट काढू नका. तुमची एंट्री हाय."

"अक्का, मेलोय की मी!" तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "दुसऱ्या अंकातच घालवलासा मला. आता काय भूत हून येऊ?"

सगळे हसले. अक्काही हसल्या. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसल्या.

मी त्यांचा हात धरला. उकाड्यात तो हात गार होता. "अक्का, बरं वाटत नसलं तर मी बसते शेजारी. पानं उलटते."

"जा तू. जागेवर जा," त्या म्हणाल्या. "बघत बस म्हटलंय न्हवं?"

त्या वेळी मी तिथंच बसायला हवं होतं. हे मी आजही म्हणते.

तिसरा अंक सुरू झाला. अंधार, मधोमध समई. संयोगिता पांढऱ्या साडीत आली, वात सारखी केली, आणि म्हणाली, "कोण आहे तिकडे?"

आणि सवयीप्रमाणे थांबली, अक्कांच्या आवाजासाठी.

मी फटीतून बघत होते. वही मांडीवर मिटलेली होती. अक्कांचे ओठ हलले. "ये बाळ. इतका उशीर?"

हे पहिल्या अंकातलं वाक्य होतं.

संयोगिताच्या डोळ्यांत काहीतरी हललं. अर्धा क्षण. तिला कळलं असावं. पण बारा वर्षांत तिनं त्या आवाजावर शंका घेतली नव्हती, आणि दुसरं वाक्य तिच्याजवळ होतंच कुठं? तिनं रिकाम्या दाराकडे हात केला.

"ये बाळ. इतका उशीर?"

समोरच्या विंगेत, पडद्याखाली, प्रधानाच्या जोड्यांची टोकं दिसत होती. पृथ्वीराज तलवार घेऊन उभा होता, त्याच्या वाक्याची वाट बघत. जोडे पुढे आले आणि थांबले.

"चेहरा का उतरलाय? कुणी काही बोललं का तुला?" अक्कांनी सांगितलं. संयोगितानं म्हटलं.

सभागृहात वेफर्सच्या पिशव्या वाजायच्या थांबल्या. माझ्या मागची बाई शेजारणीला म्हणाली, "वेडी झाली गं ती. पोराच्या दुःखानं."

"मागच्या वेळी हे नव्हतं," हे पुटपुटले. "चांगलं केलंय."

"गप बसा," मी म्हणाले.

पुढचं वाक्य युवराजाचं. ते उचलायला रंगमंचावर कुणी नव्हतं. अक्कांनी ते सांगितलं. कुणी बोललं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. "आईसाहेब, उद्या पहाटे निघायचं आहे."

प्रॉम्प्टरच्या आवाजात भाव नसतो. सपाट, कोरडा आवाज. अंधारातून आलेलं ते वाक्य आता तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. मेलेलं पोर आईला उत्तर देत होतं. कुणीतरी लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड पदराखाली दाबलं. संयोगिता मागं सरकली. ते मागं सरकणं नाटकातलं नव्हतं. ती खरंच भ्याली होती.

मी अक्कांकडे बघत होते. त्या संयोगिताकडे बघत नव्हत्या, वहीकडे नव्हत्या. त्या रिकाम्या दाराकडे बघत होत्या. तिथं कुणीतरी येऊन उभं राहिल्यावर बघावं तशा, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश.

आता महाराणीचं वाक्य होतं, "जा, यशस्वी होऊन ये." मला ते पाठ आहे, अर्ध्या राजारामपुरीला पाठ आहे. अक्कांनी ते सांगितलं नाही. समईची वात फडफडली. मग त्या म्हणाल्या, कुजबुजून नव्हे, घरात बोलतात तशा, "जाऊ नको."

नाटकात हे कुठंच नाही. संयोगितानं तेही म्हटलं. "जाऊ नको."

तेवढ्यात पृथ्वीराज वाक्याची वाट न बघता आत घुसला. तलवार खाली टाकली. फरशीवर ती अशी वाजली की अख्खं सभागृह दचकलं. "महाराणी! युवराज आता येणार नाहीत."

त्यानंतर विंगेतून एकही शब्द आला नाही. पृथ्वीराज आणि संयोगितानं आठवेल ते बोलून पंधरा मिनिटांचा अंक सहा मिनिटांत संपवला. पडदा पडला. आणि टाळ्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मागच्या बाईनं डोळे पुसत मला विचारलं, "शेवट बदललाय व्हय हो? किती वंगाळ वाटलं जिवाला. पण भारी."

आत गेले तर अक्कांभोवती गर्दी. पृथ्वीराजचा रंग घामानं ओघळलेला, पण चेहरा फुललेला. संयोगिता शब्द विसरली आणि अक्कांनी ऐन वेळी सावरलं, असं त्यानं गृहीत धरलं होतं.

"अक्का, काय डोकं लढवलासा ओ! अंगावर काटा बघा, अजून काटा!" त्यानं हात पुढे केला. "पुढच्या महिन्यात पन्हाळ्याला प्रयोग हाय. तिथं अस्संच करायचं. शब्दाला शब्द. काय?"

"व्हय की," अक्का म्हणाल्या.

"त्यो 'जाऊ नको' तर विसरायचाच न्हाय."

"न्हाय विसरत."

संयोगिता बाजूला उभी होती, पांढऱ्या साडीत. अक्कांकडे बघत होती, आणि माझी नजर भेटल्यावर तिनं मान फिरवली. मग फोटोसाठी हाका आल्या आणि सगळे रंगमंचावर धावले. विंगेत आम्ही दोघीच उरलो.

"कडी लाव," अक्का म्हणाल्या. विंगेला कडी कुठली? मी पडदा ओढला.

"मी काय केलं गं?"

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले.

"समदी हसत हुती म्हणून मी हसलो. व्हय म्हणत हुती म्हणून व्हय म्हटलो. काय केलं ते मला कुणी सांगितलं न्हाय. तुला म्हणून बघत बस म्हटलं हुतं. सांग आता. राखून सांगू नको."

मी सांगितलं. वही मिटलेली होती तिथपासून सगळं. त्या मान न हलवता ऐकत होत्या, तालमीत नवीन नटाची वाक्यं ऐकतात तशा.

"युवराजाची वाक्यं मी म्हटली?"

"म्हटलासा. मोठ्यानं."

"पोरगं रडलं कुणाचं?"

"कुणाचं तरी रडलं."

"शिवा शिवा." त्यांनी मूठ उघडली. खोबऱ्याचा तुकडा अजून तिथंच होता, घामानं पिवळा पडलेला. तो त्यांनी खुर्चीखाली ठेवला. "मला तिथं मालक दिसलं गं. युवराजाच्या कपड्यात, पंचवीस वर्षांचं. निघालो म्हणत हुतं." पदराला हात पुसून म्हणाल्या, "ते नसल्यालं मला ठाऊक हाय. आत्ता ठाऊक हाय. त्या वक्ताला न्हवतं. दिवाळीपासनं असंच हाय. काळजी मालक दिसण्याची न्हाय, अगं. काळजी ही, की मी सांगितलं आणि तिनं म्हटलं. उद्या मी काय बी सांगीन आणि ही पोरं म्हणतील."

"पृथ्वीराजला मी समजावते. डॉक्टरना दाखवू. तुमचं काम मी करीन, तुम्ही शेजारी बसा नुसत्या. अमरेशला इतक्यात कशाला..."

"तुझं झालं बोलून?"

"झालं."

पडद्यापलीकडे फोटोवाला सगळ्यांना हसायला सांगत होता. अक्कांनी पिशवीतून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं, उलटा करून पाहिला, आणि माझ्या हातात ठेवला.

"अमरेशला आत्ता फोन लावून दे. मी येतो म्हणून सांगायचंय. उद्या माझ्या ध्यानात राहणार न्हाय."